धूर गेल्यावर

टेबलाशी बसलेल्या चिमटीने लोहचुंबकाला पातळ कागद गुंडाळला आणि ताटात पसरलेल्या सोन्याच्या किसावरून तो सावकाश फिरवला. कानशीचे बारीक लोखंडी कण कागदाला येऊन चिकटले. तिने ते बाजूच्या डबीत झटकले आणि चुंबक पुन्हा फिरवला.

"झालं की आता," स्टुलावर बसलेले तिचे वडील म्हणाले. "किती गोंजारशील त्याला?"

"थोडं राहिलंय, बाबा."

"राहिलं तर राहिलं. तेजाब लोखंड खाऊन टाकतं."

"खातं. पण खाताना धूर जास्त होतो."

धूर हा शब्द निघाला की अलीकडे वडील गप्पच बसत.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती वडिलांच्या मागे मागे रांगत फरशीच्या भेगांतले सोन्याचे कण नखांनी उचलायची, म्हणून आईने ठेवलेलं ते नाव. पुढे ती दागिने घडवायला शिकली, बाहेरच्या खोलीत तिने स्वतःचं काम मांडलं, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी ते नाव काही सुटलं नाही. वडील झारेकरी. म्हणजे सोनारांच्या दुकानांतला केर, हात धुतलेलं पाणी, झिजलेले पॉलिशचे बोळे, फाटकी पायपुसणीसुद्धा गोळा करून आणायची आणि त्यातून सांडलेलं सोनं परत काढून द्यायचं, हा त्यांचा धंदा. जाळायचं, धुवायचं, तेजाबात उकळायचं. इतरांनी उकिरड्यावर टाकला असता असा माल ते पोत्याने आणत आणि आठवड्याने त्याचा पिवळाधमक मणी करून सोनाराच्या हातावर ठेवत. त्या वेळी त्यांचा रुबाब असा असायचा की सोनं जणू त्यांनीच जन्माला घातलंय.

आणि हे सगळं त्यांनी केलं ते स्वयंपाकघरामागच्या पडवीत, खिडकी लावून घेऊन. खिडकी उघडली की शेजारचे ओरडत, म्हणून ती लावलेलीच असे.

आईची फुप्फुसं गेली ती त्या पडवीपायी. आता ती आतल्या खोलीत उशांना टेकून बसलेली असायची, नाकात नळी आणि पलंगाशेजारी दिवसभर घरघरणारं प्राणवायूचं मशीन. वडिलांनाही खोकला होता, पण तो चारचौघांसारखा. ते हिंडतफिरत होते, जिने चढत होते. रोज तेजाबापाशी उभे राहणारे ते, आणि अंथरुणाला खिळली ती. हे असं उलटं कसं झालं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, एकेकाची प्रकृती असते. मग त्यांनी चिमटीला बाजूला घेऊन दुसरं सांगितलं. जे गेलंय ते परत येणार नाही, उरलंय तेही फार नाही, पण तो धूर पुन्हा एकदा जरी छातीत गेला तर आमच्या हातात काही राहणार नाही.

हे वडिलांनीही ऐकलं होतं. तरी गेल्या महिन्यात, चिमटी बाजारात गेलेली असताना, त्यांनी पडवीत भांडं चढवलं. ती परतली तेव्हा आई निळी पडली होती. त्या वेळी कशीबशी वाचली. दवाखान्याच्या व्हरांड्यात वडील भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण धूर कधीच गेला होता. मला तर काही वास आला नाही." चिमटीच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस चुकतो, पण चुकल्यावर इतका अडून बसतो, हे तिला सहन होईना. घरी आल्यावर तिने तेजाबाच्या बाटल्या उचलल्या आणि विकून टाकते म्हणाली. वडील दारात आडवे झाले नाहीत, की त्यांनी आवाज चढवला नाही. ते फक्त म्हणाले, "मग मी दिवसभर काय करू?" तो एवढासा प्रश्न त्यांनी अशा तोंडाने विचारला की तिनेच बाटल्या खाली ठेवल्या.

मग ठरलं ते असं. पडवीला कुलूप. काम करायचं तर अंगणापलीकडच्या शेडमध्ये, चिमटी सांगेल त्या पद्धतीने, आणि हात चिमटीचे. डोकं वडिलांचं. तिच्या स्वतःच्या कामातला कीस आणि तुकडे साठलेच होते. त्यातला मूठभर घेऊन सुरुवात करायची. जमलं तर वडिलांचं काम चालू राहील आणि आईचा श्वासही. नाही जमलं तर दोघांतलं कुणीतरी एक जाणार, हे चिमटीला दिसत होतं, आणि कोण, एवढाच प्रश्न उरणार होता.

शेड रिकामी करायलाच बरेच दिवस गेले. घराच्या उलट बाजूच्या भिंतीला तिने भोक पाडून घेतलं आणि त्यात प्लॅस्टिकचा रुंद पाइप बसवला. पत्र्याचा स्वस्तात मिळत होता, पण तेजाबाच्या वाफेने पत्र्याची चाळण होते, हे वडिलांनीच सांगितलं. पाइपाच्या टोकाला हवा बाहेर ओढणारा पंखा आणि टेबलावर जाड काचेची पेटी, समोरून हात जातील एवढीच उघडी. पेटीत विजेची शेगडी. काचेचं भांडं नुसतं ठेवायचं नाही, तर मोठ्या पसरट भांड्यात ठेवायचं, म्हणजे तडकलं तरी तेजाब त्यातच राहील. हाताशी पाण्याची बादली आणि धुण्याचा सोडा. जाड रबरी हातमोजे, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा, आणि दोन्ही गालांशी आम्लाची वाफ अडवणारे डबे असलेला मास्क. सगळं जुळल्यावर तिने सुतळी पेटवून पेटीच्या तोंडाशी धरली. धूर वाकला आणि मुकाट्याने पाइपात शिरला. तो घराकडे येत नाही ना, हे बघायला ती अंगणात जाऊन उभी राहिली.

"मी काय पडवीत बॉम्ब करत होतो?" वडील म्हणाले.

त्याचं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि त्यांच्यासाठी आणलेला मास्क पुढे केला.

चुंबक फिरवून झाल्यावर तिने कीस मुशीत घातला, त्यात चांदी आणि तांबं घातलं आणि सगळं ज्योतीवर वितळवलं. सोन्यात दुसरा धातू भरपूर मिसळल्याशिवाय तेजाब आत शिरत नाही.

"शुद्ध करायचं असेल तर आधी चांगलं बिघडवायचं," वडील म्हणाले. हा त्यांचा ठरलेला विनोद होता आणि सोनारांच्या पुढ्यात तो हटकून हशा मिळवायचा. चिमटी हसली नाही, पण मास्कच्या वर तिचे डोळे हसल्यासारखे झाले असावेत, कारण वडील खुलले. वितळलेला रस तिने बादलीतल्या खोल पाण्यात बारीक धारेने सोडला. तळाशी त्याचे वेडेवाकडे दाणे झाले.

"आता भांड्यात आधी पाणी, मग तेजाब. उलटं केलंस तर ते तोंडावर थुंकेल. आणि एकदम नाही. एक घास जिरू दे, मग दुसरा."

तिने घासाघासाने तेजाब सोडलं. दाण्यांभोवती बुडबुडे उठले, पाणी हिरवट निळं व्हायला लागलं, आणि भांड्याच्या तोंडातून तांबूस धूर वर आला. दाट, जड. पंखा तो ओढून नेत होता आणि खालून तो येतच होता. मूठभर मालाचा एवढा धूर. हा सगळा रंग त्या पडवीत कोंडून राहायचा आणि भिंतीपलीकडे आई भाजी चिरत असायची. चिमटीला तिथे उभं राहवेना. ती हलली मात्र नाही, कारण भांडं तिच्या हवाली होतं.

हळूहळू रंग फिकट झाला. मग दिसेनासा झाला. भांड्यातले बुडबुडे थांबले.

"आता खरं काम," वडील म्हणाले. "धूर दिसतो तोवर त्याचं भय नाही, माणूस आपणच लांब राहतो. दिसेनासा झाला तरी तो असतो. तिथे नाक लागतं. सगळी झारेकी नाकात आहे." त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला, पेटीच्या तोंडाशी वाकले आणि ऐटीत लांब श्वास घेतला. "स्वच्छ. उतरव."

चिमटी दारापाशी होती. तिने स्वतःचा मास्क बोटभर सैल केला. सुई टोचावी तसा वास नाकातून थेट कपाळात गेला. तिने मास्क पुन्हा दाबून बसवला.

"अजून आहे, बाबा."

"काय आहे?"

"वास आहे. उग्र आहे."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हा वास ओळखतो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते बाहीने पुसत होते. "तुला भीती बसलीये, म्हणून भास होतो."

तिने वाद घातला नाही. पंखा तसाच चालू ठेवला आणि त्यांना कोपराला धरून दाराबाहेर आणलं.

बाहेर ओट्यावर तिची दुसरी छोटी शेगडी होती. काठीच्या टोकाला लाखेत बसवलेली एक अंगठी सोडवायची राहिली होती. बसल्याबसल्या वडिलांनी ती काठी उचलली आणि शेगडीवर धरली. त्यांना रिकामं बसता येत नसे. लाख ऊबवता ऊबवता ते एका सोनाराची गोष्ट सांगू लागले. त्याची जुनी चप्पल यांनी जाळायला मागितली, तर तो म्हणाला, चप्पल देतो पण मग घरी अनवाणी कसा जाऊ. शेवटी त्याला स्वतःच्या पायातली काढून दिली आणि त्याची जाळली, तर राखेतून बायकोच्या कानांपुरतं सोनं निघालं.

चिमटी ऐकत होती, आणि तिला करपल्याचा वास आला. जळक्या लाखेचा वास काही चोरून येत नाही. तो ओट्यावर पसरला, तिच्या कपड्यांत शिरला, नाकातून जिभेवर उतरला. वडिलांच्या हातातली काठी धुरत होती आणि ते तिच्याकडे बघून चपलेची गोष्ट रंगवत होते. ती सांगणार होती. मग ती मुद्दाम गप्प राहिली. लाख काळी पडली, फसफसली, तिचा एक थेंब त्यांच्या बोटावर पडला, तेव्हा कुठे त्यांचा हात झटक्याने मागे आला.

"करपली की. बोलायचं नाहीस का?"

"वास नाही आला तुम्हाला?"

"गोष्टीत होतो ना," ते म्हणाले आणि बोट पाण्यात बुडवलं.

महिनाभर मनात जपलेला राग एकाएकी कुठे ठेवावा ते चिमटीला कळेना. मला तर काही वास आला नाही, हे त्यांनी दवाखान्यात म्हटलं होतं ते अडून बसून म्हटलं नव्हतं. खरंच आला नव्हता. त्यांना कधीपासून येत नव्हता कोण जाणे. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसावं, नाहीतर पेटीशी वाकून इतक्या ऐटीत कोण श्वास घेईल. तिला त्यांची कीव आली.

ती हातमोजे काढून, तोंड-हात धुऊन, कपडे बदलून आईच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

"आई, बाबांना वास येत नाही."

आईने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"हळू बोल," ती म्हणाली.

मशीन घरघरत होतं. चिमटी पलंगाच्या कडेला टेकली.

"तुला माहीत होतं?"

"दूध करपलं होतं." आईला एका वाक्यानंतर थांबावं लागे. "तू शाळेत होतीस. मी गच्चीवरून धावत आले. सगळं घर भरलं होतं. ते शेगडीशेजारी बसले होते. मला म्हणाले, काय झालं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला?"

"त्यांना. मला. कुणालातरी."

"झारेकऱ्याला नाक नाही, हे कळल्यावर कोण त्याला माल देईल?" आईने श्वास भरला. "आणि त्यांना कळलं असतं तर खचले असते. काम सोडलं असतं. मग त्यांचं काय उरलं असतं, सांग मला."

"पण मग काम कसं करत होते ते? धूर गेला हे त्यांना कसं कळायचं?"

आईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू एवढी शिकलीसवरलेली मुलगी आणि हे विचारते.

"मी जायचे आधी आत," ती म्हणाली. "फडकं न्यायला. कप राहिला म्हणून. काहीतरी निमित्त काढायचं. वास असला तर म्हणायचे, थांबा जरा, मला इथलं झाडायचंय. नसला तर म्हणायचे, झालं वाटतं. मग ते उतरवायचे."

"दर वेळी?"

"काम असेल तेव्हा."

"इतकी वर्षं?"

पलंगाशेजारचं मशीन बोलत होतं तेवढं पुरे होतं. डॉक्टरांना न उमगलेलं ते उलटं गणित आता चिमटीसमोर सुटून पडलं होतं, आणि ते सुटल्याने कुणाचं काही भलं होणार नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं. पण कुणावर ओरडायचं? ज्याला वास येत नव्हता त्याच्यावर, की जिला येत होता तिच्यावर? आपण याच घरात वाढलो, याच पडवीतून धावत खेळायला जायचो, आणि आई हातात फडकं घेऊन त्या दारात शिरताना आपण हजार वेळा पाहिली. आपल्याला वाटायचं, किती टापटिपीची बाई.

"वेडी आहेस तू," ती म्हणाली. आवाज फुटला.

"असेन." आईने तिचा हात धरला. बोटांत जोर नव्हता. "त्यांना सांगायचं नाही. कधीच. माझ्यामागेही नाही."

"आई—"

"सांगितलंस तर ते म्हणतील, माझ्यामुळे झालं. तेच घेऊन बसतील. मग मी केलं ते कशासाठी? सगळं फुकट जाईल बघ. माझ्याकडे आता दुसरं काय आहे?"

चिमटीने मान हलवली. आईला ते पुरलं नाही. तोंडाने म्हण, असं ती म्हणाली, तेव्हा चिमटीने तोंडाने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दाण्यांना ताज्या तेजाबाची आणखी एक उकळी द्यायची होती. आदल्या दिवशीचं निळं पाणी तिने वेगळ्या बरणीत काढून ठेवलं होतं. त्यात तांब्याची तार सोडली की विरघळलेली चांदी परत मिळते, आणि मग सोडा घालून त्याचा दाह मारल्यावाचून ते पाणी कुठेही ओतायचं नसतं. सकाळीच तिने मनाशी एक बेत केला होता. वडिलांचं नाक त्यांच्या लक्षात येऊ न देता कामातून काढून टाकायचं. आम्लाने लाल होणारे निळे कागद ती घेऊन आली. एक भिजवून पेटीच्या तोंडाशी लावला, एक दारात, एक घराच्या बाजूच्या भिंतीवर.

"बाबा, आता नाकावर काही ठेवायचं नाही," ती शक्य तितक्या सहज म्हणाली. "कागद निळा राहिला तरच उतरवायचं. आणि त्यानंतरही पंखा बराच वेळ चालू ठेवायचा. नवी पद्धत आहे."

तिला वाटलं होतं ते भडकतील. सगळी झारेकी नाकात असणाऱ्या माणसाने निदान टोमणा तरी मारायला हवा होता.

"बरं," वडील म्हणाले.

तांबूस धूर आज कमी होता. तो आला, वाकला, पाइपात गेला. दोघंही मास्क लावून उभे होते. रंग दिसेनासा झाला तसे वडील चुळबुळू लागले. ते भांड्याकडे बघत नव्हते. कागदाकडेही नाही. चिमटीकडे बघत होते, पुन्हा पुन्हा, आणि वैतागून नजर वळवत होते.

"तो मास्क जरा खाली कर," ते म्हणाले.

"का?"

"मास्क नि चष्म्याआड तोंड दिसत नाही तुझं."

"तोंड कशाला पाहिजे?"

"सवय." ते पेटीच्या काचेवरचा डाग बोटाने घासू लागले. "तुझी आई आत जाऊन आली की मी तिच्या तोंडाकडे बघायचो. कपाळाला बारीक आठी असली की समजायचं, अजून आहे. आठी गेली की उतरवायचं. ती बोलायची त्यावर जाण्यात अर्थ नसायचा, झाडायचंय नि पुसायचंय असलं काहीतरी सांगायची. तोंडावर मात्र बरोबर दिसायचं."

पंखा फिरत होता. चिमटीला आपलाच श्वास मास्कच्या डब्यांतून घासत जाताना ऐकू येत होता.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ती कशाला आत जायची ते."

वडिलांनी टेबलावरचा सांडस उचलला, त्याची टोकं जुळतात का ते पाहिलं आणि खाली ठेवला.

"मी तिला जा असं कधी म्हटलं नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही. विचार तिला."

"जाऊ नको म्हणालात?"

ते काचेकडे बघतच बोलले. "पहिल्यांदा कळलं तेव्हा म्हणणार होतो. सगळं सांगून टाकणार होतो. पण भांडं चढलेलं होतं, सोनार दारात बसला होता. म्हटलं, आजचं होऊ दे. मग दुसऱ्या दिवशीही काम होतं."

चिमटीच्या मनात काल कीव होती तिथे आज काहीच नव्हतं. राग येईल म्हणून तिने वाट पाहिली, तोही आला नाही. या माणसाला बोलून बोलून किती बोलणार, आणि बोललेला प्रत्येक शब्द अंगण ओलांडून त्या खोलीत गेला तर? काल तिने तोंडाने वचन दिलं होतं. एखाद्याला कळू देणार नाही असं वचन देता येतं. कळलेलं परत घेता येत नाही. समोर एक म्हातारा उभा होता, आणि तो अजूनही तिच्या चष्म्याआडून तिच्या कपाळाचा अंदाज घेत होता.

तिने मास्क खाली केला नाही.

"कागद बघा," ती म्हणाली. "निळाच राहिलाय. पंखा आणखी थोडा चालू दे, मग उतरवते."

पुढचं काम तिने एकटीने केलं आणि वडिलांनी स्टुलावरून बघितलं. भांड्याच्या तळाशी तपकिरी गाळ राहिला होता, विटेच्या भुकटीसारखा. माहीत नसलेल्या माणसाने तो चिखल म्हणून फेकून दिला असता. तिने तो पाण्याने धुतला, पुन्हा धुतला, वाळवला, आणि मुशीत सवागीबरोबर, म्हणजे टाकणखाराबरोबर, घालून ज्योत लावली. भुकटी आक्रसली, चमकली आणि तिचा एक थेंब झाला. थंड झाल्यावर तो तिच्या तळहातावर आला तेव्हा इतका पिवळा होता की खोटा वाटावा. तिच्या हातून निघालेलं पहिलं शुद्ध सोनं. तिला ते बघून आनंद व्हायला हवा होता.

"फर्स्ट क्लास," वडील म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आईला दाखवून ये."

"तुम्ही या."

"तू जा. मी इथलं आवरतो."

ते आवरायला लागले नाहीत. ती अंगणात आल्यावर तिने मागे पाहिलं, तेव्हा ते स्टुलावर तसेच बसून होते, पंख्याकडे तोंड करून.

आई जागी होती. चिमटीने मणी तिच्या हातात ठेवला. आईने तो खिडकीतल्या उजेडात धरून पाहिला. हात थकल्यावर छातीवर टेकवला.

"तू काढलंस?"

"हो."

"ते होते ना बरोबर?"

"होते."

"काही बोलले?"

"चपलेची गोष्ट सांगितली. बायकोच्या कानांपुरतं सोनं निघालं ती."

आई हसली. हसण्याने तिला खोकला आला, खोकल्याने श्वास गेला, आणि तो परत येईपर्यंत चिमटी तिची पाठ धरून बसली.

"त्यांना काही कळलं नाही ना?" आईने विचारलं.

"नाही."

आईने डोळे मिटले. आजार सुरू झाल्यापासून तिचं तोंड इतकं निवांत चिमटीने पाहिलं नव्हतं. कपाळावर एकही आठी नव्हती.

"बघ," ती म्हणाली. "इतकी वर्षं. एकदासुद्धा संशय आला नाही त्यांना."

"नाही आला," चिमटी म्हणाली, आणि मणी निसटून पडू नये म्हणून तिने आईची बोटं एकेक करून मिटवली.